आढळले नाही

काही नसणे आणि काही न आढळणे, या दोन गोष्टी एकच आहेत काय? हा प्रश्न एखाद्या जुन्या तर्कग्रंथातला वाटेल, आणि चकलीबरोबर चघळण्यासारखा तर मुळीच वाटणार नाही. परंतु तुमच्याआमच्या पैशांची रात्री राखण करणाऱ्या काही माणसांना त्याचे उत्तर दोन-तीन मिनिटांत द्यावे लागते, आणि तेही लेखी.

एटीएमच्या खोलीपुढे पूर्वी स्टुलावर बसलेला पहारेकरी हमखास दिसे. आता पुष्कळ ठिकाणी तो दिसत नाही. राखण होते ती दूरच्या शहरातल्या एका खोलीतून. इकडे कोणी यंत्राला धक्का दिला की तिकडे पडद्यावर इशारा उमटतो. तेथे बसलेला माणूस कॅमेऱ्यातून पाहतो, भोंग्यातून दरडावतो, जागेवरच्या कोणाला किंवा पोलिसांना फोन करतो, आणि मग नोंद करतो. इशारा किती वाजता आला, कोणाला कळविले, तो काय म्हणाला आणि अखेर कारण काय निघाले.

माझा एक जुना विद्यार्थी अशा खोलीत रात्रपाळी करतो. सेलूला आला की घरी डोकावतो. तो म्हणाला, "गुरुजी, बाकीचे रकाने सोपे. शेवटचा अवघड." कारणांची यादी तयारच असते. वीज गेली, पाल फिरली, झाडणारा आत होता, यंत्राची चाचणी चालली होती, आणि सर्वांत सोयीचे म्हणजे 'खोटा इशारा'. कॅमेऱ्यात कोणी दिसले नाही, फोनवरचा माणूस झोपेतच "काही नाही हो" म्हणाला, की बोट आपोआप तेथे जाते. "कारण कळले नाही" असे लिहिले तर वरिष्ठ विचारतात, मग तुम्ही केले काय?

आता यात खोटेपणा तो कोणता? बहुतेक इशारे खरोखरच पालीचे किंवा वाऱ्याचे असतात. माणसाने लिहिले ते बहुधा खरेच निघते. परंतु मी पडलो शिक्षक. उत्तर बरोबर आणि रीत कोठेच नाही, अशा गणिताला मी पूर्ण गुण देत नाही. शेजारच्याच्या वहीत डोकावल्याचा संशय येतो. येथे तर न पाहिलेली गोष्ट पाहिल्यासारखी लिहिली जाते. 'आत कोणी नव्हते' आणि 'मला कोणी दिसले नाही' यांतले अंतर म्हणजे मागचे दार.

आणि चोरांना हे अंतर चांगले ठाऊक असते. पहिले दोन इशारे मुद्दाम वाजवायचे आणि राखणदाराला कंटाळू द्यायचे, ही त्यांची जुनी रीत आहे. तिसरा इशारा आला की नव्या पाळीचा माणूस मागच्या नोंदी पाहतो. दोनदा 'खोटा इशारा' वाचले तर तो कोणाला धाडणार नाही. 'समोरून पाहिले, मागचे दार पाहिले नाही' असे वाचले तर धाडील. लांडगा आला रे आला, ही गोष्ट आपण मुलांना सांगतो आणि सगळा दोष त्या पोरावर टाकतो. पण गोष्टीत लांडगा शेवटी येतो, म्हणजे रानात लांडगे होतेच. आमच्या तालुक्यात बोरच्या जंगलालगत ज्यांची शेते आहेत त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. काल वाघाचा माग दिसला नाही, म्हणून आज कोणी निर्धास्तपणे एकटा जागलीला जात नाही.

कोणी म्हणेल, अशा वेळी माणसाने अंदाजच करू नये की काय? करावा, करावाच लागतो. २६ सप्टेंबर १९८३ च्या रात्री मॉस्कोजवळच्या एका केंद्रात स्तानिस्लाव पेत्रोव्ह या रशियन अधिकाऱ्यापुढे यंत्राने इशारा दिला की अमेरिकेहून क्षेपणास्त्रे सुटली आहेत. आधी एक, मग होता होता पाच. त्याने इशारा खोटा असल्याचे वर कळविले. पुढे कळले की ढगांवरून परतलेल्या उन्हाने उपग्रह फसला होता. याच्या उलट ७ डिसेंबर १९४१ च्या सकाळी हवाई बेटांवरच्या दोन सैनिकांनी रडारवर मोठा ठिपका पाहून कळविले, तेव्हा अधिकाऱ्याने काळजी करू नका म्हणून सांगितले. आपलीच विमाने येणार होती, हे त्याला ठाऊक होते. आले जपानी, पर्ल हार्बरवर. दोघांनीही अंदाजच केला, आणि दोघांनाही त्याला आधार होता. पाचच क्षेपणास्त्रांनी कोणी महायुद्ध सुरू करीत नाही, हा पेत्रोव्हचा आधार. त्याला नंतर बोल लागला तो मात्र निराळ्याच गोष्टीसाठी: त्या घटकेची नोंद त्याने वहीत केली नव्हती. एका हातात फोन, दुसऱ्यात दुसरे यंत्र, तिसरा हात कोठून आणू, अशा अर्थाचे त्याने पुढे सांगितले. मला त्याची बाजू पटते. आणि बोल लावणाऱ्याचीही थोडी पटते.

नोंद कोण वाचील हे लिहिणाऱ्याला कळत नसते. जुन्या मध्य प्रांतात, ज्यात आमचा वर्धा जिल्हा मोडत असे, गावचा कोतवाल रात्री जागत असे, वर्दी घेऊन ठाण्यावर जाई, आणि गावातले जन्म-मृत्यूही त्याच्याच पुस्तकात चढत. त्याला स्वतःला पुष्कळदा अक्षर येत नसे. तो दुसऱ्याकडून लिहवून घेई. अमक्यास मुलगा झाला, एवढीच ओळ. आज त्या कोतवाल बुकाच्या नकलेसाठी माणसे कचेरीत खेटे घालतात, कारण नातवाच्या जातीचा दाखला त्या ओळीवर अडलेला असतो. त्या बिचाऱ्याने एखादी ओळ अंदाजाने भरली असती तर?

माझा विद्यार्थी आता शेऱ्याच्या रकान्यात चार शब्द जास्त लिहितो. 'शटर अर्धेच दिसले. फोनवरील इसम जागेवर गेला नाही.' त्यामुळे त्याला प्रत्येक इशाऱ्यामागे इतरांपेक्षा अधिक वेळ लागतो, आणि याबद्दल त्याला विचारणाही झाली आहे. काय उत्तर दिलेस, असे मी विचारले नाही. यंदाच्या दिवाळीला तो सेलूला येणार नाही. लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांच्या हादऱ्यांनी इशाऱ्यांची नुसती रीघ लागते, म्हणून सुटी मिळत नाही. त्या रात्री, तो सांगत होता, सगळेजण न पाहताच 'फटाके' असे लिहून मोकळे होतात.