आठ पानांपुरतं

एक कोरा ए-फोर कागद समोर घ्या. पेन्सिल आणि कात्री हाताशी असू द्या. घाई नको, आज काही पूर्ण करून कुणाला दाखवायचं नाही.

कागद उभ्या घड्यांनी चार भागांत आणि एका आडव्या घडीने दोन भागांत दुमडा. उलगडलात की आठ घरं दिसतील. आडव्या घडीवर फक्त मधल्या दोन घरांपुरती कात्री चालवा. आता कागद त्याच आडव्या घडीवर दुमडा आणि दोन्ही टोकं एकमेकांकडे ढकला. मधली चीर उघडेल, आणि पानं एकमेकांवर बसवली की तळहाताएवढी आठ पानांची पुस्तिका हातात येईल. टाचणी नाही, गोंद नाही. पानांवर पेन्सिलीने आकडे टाका आणि कागद पुन्हा पसरा. चार आकडे सरळ दिसतील, चार उलटे. या एका बाजूवर लिहिलं, चित्रं काढली, कात्रणं चिकटवली आणि झेरॉक्स काढली, की झालं झीन, म्हणजे स्वतःच लिहून, स्वतःच काढून वाटायचा छोटासा अंक.

लिहायला मात्र लगेच घेऊ नका. थोडं थांबा. श्वास संथ होऊ द्या.

आणि स्वतःला विचारा: हे मी कुणाच्या हातात देणार आहे?

‘सगळ्यांच्या’ असं उत्तर आलं तर ते जाऊ द्या. दुसरं येईपर्यंत वाट पाहा. हळूहळू एक चेहरा येतो. बोलायचं राहून गेलेली बहीण असेल, तुमच्यासारखंच कशाचं तरी वेड असलेला, पण अजून न भेटलेला कुणी असेल. तो चेहरा समोर राहू द्या. त्याला काय सांगाल? ओळखीच्या शंभर जणांना जे सांगवत नाही, ते याला सांगता येईल का?

माझ्या मते झीनचं सगळं बळ इथे आहे. वाचक थोडे असणं ही त्याची उणीव नव्हे. त्या थोडेपणामुळेच खरं लिहिण्याची मोकळीक मिळते. १९३०मध्ये शिकागोत विज्ञानकथांच्या वेड्या वाचकांनी ‘द कॉमेट’ काढलं, ते आपल्यासारख्याच वेड्यांसाठी. १९७६मध्ये लंडनमध्ये मार्क पेरी या बँकेतल्या कारकुनाने पंक संगीतावर ‘स्निफिन ग्लू’ काढलं. मजकूर टाइप केलेला, मथळे जाड मार्करने हाताने लिहिलेले, आणि पहिल्या अंकाच्या प्रती जेमतेम ५०. वर्षभरात मागणी हजारोंवर गेली, आणि १९७७मध्ये त्याने ते स्वतःहून बंद केलं. त्या निर्णयावर क्षणभर थांबा. वाचक वाढत असताना थांबायला काय लागत असेल?

आपल्याकडे ही वाट जुनी आहे. १९५०च्या दशकाच्या मध्यात मुंबईत दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ या तरुणांनी ‘शब्द’ काढलं, सायक्लोस्टाइल करून. सायक्लोस्टाइलचं काम डोळ्यांसमोर आणा. टाइपरायटरची रिबन बाजूला करायची आणि मेणाच्या स्टेन्सिलवर उघडी अक्षरं आपटायची. जिथे अक्षर बसलं तिथून शाई झिरपणार. मग एकेक कागद यंत्रातून काढायचा. प्रत्येक प्रतीला हात लागायचा. पुढे साठच्या दशकात अशोक शहाणे आणि इतरांच्या लघुनियतकालिकांनी मराठीत काय छापता येतं याची हद्दच सरकवली. प्रस्थापित मासिकांकडे परवानगी मागत बसले असते, तर ते लिखाण तेव्हा वाचकांपर्यंत पोचलं नसतं.

आणि शाळा-वसतिगृहांतली हस्तलिखितं? त्यांची तर एकच प्रत. मुखपृष्ठ सर्वांत सुबक चित्र काढणाऱ्याकडे, मजकूर चांगल्या अक्षराच्या मुलीकडे, आणि शेवटी अभिप्रायासाठी कोरी पानं. वाचणारा त्याच पानांवर आपलं मत लिहून जायचा. लिहिणारा आणि वाचणारा इतके जवळ मला इतरत्र क्वचितच दिसले.

आता पुन्हा तुमच्या कागदाकडे या. पहिलं पान रिकामंच राहू द्या. दुसऱ्या पानावर त्या माणसाला उद्देशून एकच वाक्य लिहा. जे ऐकून तो मान वर करेल, असं. चांगलं असण्याची गरज नाही, तुमचं असलं की पुरे. खोडलंत तर खोडलेलं तसंच राहू द्या, झेरॉक्समध्ये तेही उमटेल. पुढच्या पानाला त्या वाक्याचं कारण द्या. त्याच्या पुढच्या पानावर, शब्दांत न मावणारं काही: बसचं तिकीट, पानाची जाळी, आईच्या हस्ताक्षरातली यादी. उरलेली पानं आज भरली नाहीत तरी चालेल. रोज एक पान, असंही चालेल.

पूर्ण झालं की मुखपृष्ठावर नाव द्या आणि शेवटच्या पानाच्या तळाशी तुमचं नाव व तारीख लिहा. अशा अंकांवर या दोन गोष्टी नसल्या की पुढे ते कुणाचे आणि कधीचे हे कळायला मार्ग उरत नाही. पाच-सहा प्रती काढा. एक स्वतःकडे ठेवा, आणि पहिली त्या माणसाला, शक्यतो हातात, द्या.