का म्हणून?

विवेकानं वागा, असं आपण वस्तीवस्तीत सांगत फिरतो. पण एखाद्या पोरानं उलट विचारलं, "विवेकानंच का? कारण दाखवा," तर? कारण दाखवलं की विवेक आधीच गृहीत धरला. नाही दाखवलं तर आपणही पोथीवालेच : सांगतो म्हणून ऐक! पेच खरा आहे. टाळून चालणार नाही.

काहीजण म्हणतील, विवेकानं फायदा होतो. होतोच असं नाही. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितो म्हणून देशभर रांगा लागल्या. रांगेत उभं राहणाऱ्याचं काय बिघडलं? वाटीभर दूध गेलं. आणि २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या. नुसता फायद्याचा हिशेब मांडला तर मुकाट रांगेत उभं राहणंच परवडतं.

मग आधार कुठला? मनूलाच विचारू. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात सांगितलंय की तर्काच्या जोरावर श्रुतिस्मृतींचा अवमान करणाऱ्या द्विजाला बहिष्कृत करावं. द्विजाची ही गत, तर आपल्या बापजाद्यांना 'का' विचारायची सोय कुठली? त्यांना कधी कारण सांगितलंच नाही. हुकूम सांगितला. १९३६ च्या 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये बाबासाहेबांनी नेमकं यावर बोट ठेवलं.

जनावराला कुणी कारण सांगत नाही, काठी दाखवतो. ज्याला कारण सांगायचं त्याला आधी माणूस मानावं लागतं, बरोबरीनं बसवावं लागतं. विवेकाच्या बुडाशी पुरावा नाही, समता आहे. ते पोरगं कारण मागतं तेव्हा आपल्या बरोबरीनंच बसलेलं असतं. त्याला गप्प केलं की विवेक संपला.

हे हवेतलं बोलणं नाही. अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२ चं, म्हणजे इ. स. १०६० चं. ते वालधुनीच्या काठी आहे. हीच वालधुनी पुढं उल्हासनगरात कारखान्यांची घाण घेऊन वाहते. नोव्हेंबर २०१४ मध्ये तिच्यात रसायन ओतलं गेलं आणि त्या वायूनं शेकडो माणसं दवाखान्यात पोचली. २६ जुलै २००५ ला बदलापुरात उल्हास नदी घराघरांत शिरली. याला 'नशीब' म्हणता येतं. म्हटलं की टँकर कुणाचा, नदीकाठी बांधायला परवानगी कुणाची, हे विचारायचं राहून जातं. नशिबाला पत्ता नसतो, कारणाला असतो. आणि नाल्याच्या काठाला राहतो कोण, हे तुम्हाला सांगायला नको.

पण मित्रांनो, 'का' फक्त वरच्यालाच विचारायचा नसतो. बुद्धानं कालामांना सांगितलं : परंपरा आहे म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, गुरू सांगतो म्हणूनही मानू नका. तेव्हा बाबासाहेबांचं नाव घेऊन कुणी नुसता आदेश सोडला, तर त्यालाही विचारा. वर्गणीचा हिशेब विचारा. गट का फुटला ते विचारा. बायको म्हणाली, "मोर्चाला तुम्हीच का, मी का नाही?" तर तिला कारण द्या. नसेल तर तिला सोबत घ्या. "बायांना काय कळतं" असं म्हणालात, तर तुमच्या तोंडून मनू बोलला.