पगार आणि प्रार्थना

अहिल्यानगरच्या एका जुन्या ख्रिस्ती घरातले हे मामा आणि भाची. मामा निवृत्त पाळक. भाचीला शाळेचे गणवेश शिवण्याचे युनिट काढायचे आहे. परदेशातली एक मिशनसंस्था भांडवल द्यायला तयार आहे, फक्त दर तिमाहीच्या अहवालात नफ्या-तोट्याच्या शेजारी एक रकाना भरायचा आहे : ‘नवे विश्वासणारे’.

भाची : मामा, यात वावगं काय आहे? देणग्या मागत सेवा करण्यापेक्षा धंदा करून केलेली बरी. पौल नाही का तंबू शिवत होता?

मामा : होता ना, करिंथात, अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्याकडे राहून. पण कशासाठी? ऐकणाऱ्यांवर आपला भार पडू नये, हा पैशासाठी बोलतो असं कुणी म्हणू नये, म्हणून. गिऱ्हाईक तंबूचे पैसे देऊन मोकळं. पौल तंबू विकत होता, पगार वाटत नव्हता. तू पगार वाटणार आहेस.

भाची : एवढ्यानं काय बिघडतं?

मामा : पौलाचं पटलं नाही तर माणूस उठून घरी जाऊ शकत होता. तुझ्याकडे काजं-बटणं करणारी बाई कुठे जाईल? शनिवारी तिच्या हातावर पैसे तूच ठेवणार. आणि बायबलमधली प्रेषितांची कृत्यं पुन्हा वाच. तिथे सुवार्तेचं आणि धंद्याचं फारसं जमलेलं नाही. फिलिप्पैत दासीच्या भविष्यकथनावर जगणाऱ्या मालकांची कमाई बुडाली म्हणून पौल तुरुंगात गेला. इफिसात देमेत्रिय सोनाराला देव्हाऱ्यांचा धंदा बसेल अशी धास्ती वाटली आणि गावात दंगल झाली.

भाची : मग मंगळूरच्या बासेल मिशनला काय म्हणाल? आपल्या कोकणात नळ्यांच्या जागी मंगलोरी कौलं आली, त्याची सुरुवात त्यांची. 1865 मध्ये प्लेब्स्ट या मिशनऱ्यानं जेप्पूला, नेत्रावतीच्या काठी, कौलांचा कारखाना काढला. त्याच्या आधीपासून मिशनचे माग चालू होते. खाकी रंग तिथल्याच हालर नावाच्या विणकरानं काढला असं सांगतात. हे सगळं आमिष होतं?

मामा : नाही, ती जबाबदारी होती. ताडी काढणारे बिल्लव ख्रिस्ती झाले आणि ताडीचा धंदा मिशनला पाप वाटत होता. म्हणजे पोटाचं साधन सोडायला मिशननंच लावलं. वर भाऊबंदांनी वाळीत टाकायचं, जमीन-मालकानं कसायची जमीन काढून घ्यायची. ज्यानं एक दार बंद केलं त्यानं दुसरं उघडून द्यायला नको? पण पुढे काय झालं ते बघ. कारखाना मिशनचा, शाळा मिशनची, चर्च मिशनचं, कितीकांचं राहतं घरही मिशनच्या जागेत. अशा माणसाला पाळकाशी मतभेद परवडेल का?

भाची : त्यांनी नफा तरी स्वतःच्या घशात घातला नाही. 1859 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बासेलला वेगळी व्यापारी कंपनी काढली. भागधारकांना बेताचा लाभांश, बाकीचं मिशनला. ही कंपनी आजच्या घानातही होती; तिथे इतर गोरे व्यापारी दारूवर पैसा करत होते, यांनी ती विकली नाही.

मामा : मान्य. वही स्वच्छ होती त्यांची. पण पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारनं जर्मन माणसांचा उद्योग म्हणून कारखाने ताब्यात घेतले आणि पुढे ते कॉमनवेल्थ ट्रस्ट या कंपनीकडे गेले. मिशनरी गेले तरी कौलं भट्टीतून निघतच राहिली. मिशन जाऊन धंदा राहतो, तर धंदा म्हणजेच मिशन असं कसं म्हणायचं?

भाची : एक राहिलंच तुमचं. कारखाने हातचे गेले तरी मंडळी उठली नाही. 1947 मध्ये हीच मंडळी दक्षिण भारताच्या चर्चमध्ये सामील झाली. विश्वास पगारावरच उभा असता, तर मिशनच्या हातून पगार गेल्यावर पडला असता.

मामा : (थांबून) हे खरं आहे. याला माझ्याकडे उत्तर नाही. पण ते पुढच्या पिढ्यांना कळलं. त्या वेळी कारखान्यात उभ्या असलेल्या माणसाला स्वतःच्याच मनाचा पत्ता लागत होता का, हे तू-मी सांगू शकत नाही. मी श्रद्धेपोटी इथे आहे की पोटापोटी, हा घोर त्याच्यामागे लावायचा मालकाला काय अधिकार?

भाची : आता तर जगभर हा विचार मांडतात. 2004 मध्ये थायलंडला पट्टायात सुवार्ताप्रसाराच्या लोझान चळवळीची परिषद झाली. तिथे व्यवसाय हेच मिशन या विषयावर वेगळा गट बसला होता.

मामा : त्यातलं चांगलं मी नाकारत नाही. सचोटीचा धंदा, चार माणसांना रोजगार, ही सेवाच आहे. पण काही देशांत मिशनऱ्याला व्हिसा मिळत नाही म्हणून नावापुरती कंपनी काढतात. सत्य सांगायला निघालेल्यानं दारावरच खोटी पाटी लावायची?

भाची : पाटी खरी आणि तोंड बंद, हे तरी प्रामाणिक आहे का? मला जे सगळ्यात मोलाचं वाटतं, ते दिवसभर शेजारी बसणाऱ्या बायकांपासून मी लपवायचं? गप्प राहणं हीसुद्धा एक फसवणूकच.

मामा : लपवू नकोस. भिंतीवर क्रूस लाव, रविवारी सुट्टी दे, कुणी विचारलं तर मनापासून सांग. फक्त प्रार्थना पगारी वेळेत नको, आणि तिथे कोण आलं, कोण नाही, हे तू मोजायचं नाहीस. जिला शनिवारची काळजी न करता तुला ‘नाही’ म्हणता येतं, तिच्याच ‘हो’ला काही किंमत.

भाची : म्हणजे तो रकाना भरायचा नाही. मग भांडवल मिळणार नाही.

मामा : बँकेचं कर्ज काढ.

भाची : आणि बँकेचा हप्ता? तो निघावा म्हणून नगामागे दर रुपयानं खाली आणावा लागला तर? मिशनच्या बिनव्याजी पैशात मी बायकांना चांगला दर देऊ शकते. तुमचा स्वच्छ हात त्यांना महागात पडेल, मामा.

मामा : पडेल. त्याची झळ मला लागणार नाही, त्यांना लागेल, हेही कळतं मला. याकोबाच्या पत्रात अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते, आणि ती हाक देवाच्या कानी जाते. रकाना भरून दर चांगला द्यायचा, की रकाना सोडून दर कमी द्यायचा, हे मला सांगता येत नाही. पण आत्ता तू बोलताना पहिल्यांदा त्या बायकांच्या बाजूनं बोललीस. इतका वेळ आपण दोघंही मिशनच्याच बाजूनं भांडत होतो.

भाची : मग त्यांनाच विचारू? दर, कर्ज, तो रकाना, सगळं समोर मांडून?

मामा : विचार. पण आधी पगार सुरू करून मग नको. कामाला लावायच्या आधी विचार.