वृत्तपत्राची भाषा आणि वंचित वाचक

शेतकरी समाजासाठी निघणाऱ्या वृत्तपत्राची पहिली निष्ठा भाषेशी असावी की वाचकाशी? वरवर व्यावहारिक वाटणारा हा प्रश्न वस्तुतः नैतिक आहे. त्याचा एक निकष अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरशी निगडित असलेल्या महानुभाव परंपरेत सापडतो. संस्कृतात ग्रंथरचना केल्यास पंथातील वृद्ध स्त्रिया वंचित राहतील, या कारणास्तव नागदेवाचार्यांनी केशिराजबासांना त्यापासून परावृत्त केले, असे 'स्मृतिस्थळ' सांगते. मराठीच्या थोरवीचा मुद्दा येथे गौण ठरतो. वंचित कोण राहील, हा विचार निर्णायक ठरतो.

हा निकष स्थलांतरितांच्या वृत्तपत्रांना लावून पाहण्याजोगा आहे. अमेरिकेतील आयोवा राज्यात वसलेल्या डॅनिश शेतकऱ्यांचे 'डॅनेविर्के' हे साप्ताहिक १८८० मध्ये निघाले आणि १९५१ मध्ये बंद पडले. डेन्मार्कच्या एके काळच्या दक्षिण सीमेवरील प्राचीन तटबंदीचे हे नाव. मातृभाषेतील 'जिवंत शब्दा'चा पुरस्कार करणाऱ्या ग्रुंटविग यांच्या विचारांचा या पत्रामागे आधार होता. पहिल्या पिढीला या तटबंदीने आश्रय दिला. इंग्रजीत वाढलेली नातवंडे मात्र तिच्याबाहेर राहिली. भाषा तीच होती, वंचित बदलले होते.

वऱ्हाडातील स्थिती याच्या उलट आहे. येथील शेतकरी आपल्या गावातच राहिला. छापील भाषा त्याच्याकडे बाहेरून आली. घरातले 'मले' आणि 'डोया' कागदावर 'मला' आणि 'डोळा' झाले. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीहून चालविलेल्या 'महाराष्ट्र केसरी'सारख्या पत्रांच्या संदर्भात प्रमाण मराठीचे समर्थन करता येते. सावकाराचा दस्तऐवज आणि कचेरीतला अर्ज ज्या भाषेत लिहिला जातो, ती हाती आल्यावाचून हक्क मागता येत नाहीत. शिवाय ही भाषा वऱ्हाडी शेतकऱ्याला कळते, तेव्हा डॅनिशशी तुलना अप्रस्तुत आहे, असा आक्षेपही घेता येईल. परंतु कळणे आणि बोलता येणे यांत अंतर आहे. ज्याला केवळ कळते, तो श्रोताच राहतो. उद्धव शेळके यांच्या 'धग' (१९६०) या कादंबरीतील कौतिकचे दुःख वऱ्हाडी संवादांतून ज्या गांभीर्याने प्रकटते, त्यावरून बोलीचे सामर्थ्य कमी नव्हते, हे स्पष्ट होते. उणीव होती ती छापील पानावरील जागेची.

म्हणून बोलीचा स्वीकार केला की प्रश्न सुटला, असे मात्र नव्हे. केवळ बोलीत निघणारे पत्र कचेरीचे दार बंद ठेवू शकते. लोकांसाठी निवडलेली भाषा पुढे महानुभावांच्याच सकळ लिपीत बंदिस्त झाली आणि कित्येक शतके इतर मराठी वाचकांना अप्राप्य राहिली, हे विसरता येत नाही. भाषेची निवड एकदा करून संपत नाही. आपण कोणाला वगळतो आहोत, याचे उत्तर संपादकाला प्रत्येक पिढीत नव्याने द्यावे लागते. रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाल्यानंतर तरी नागदेवाचार्यांच्या निकषाचे स्मरण केवळ गौरवापुरते राहू नये.