शरण आलेल्याला कसब विचारावे काय?



गुडघ्यांनी रजा घेतली तेव्हापासून कीर्तनाला उभा राहत नाही, त्याला आता पाच वर्षे झाली. पण माणसे शंका घेऊन घरी येतात, ती सवय काही सुटलेली नाही. मागच्या पौषात निवृत्तिनाथांची यात्रा करून आमची दिंडी त्र्यंबकेश्वराहून परतली आणि दोन दिवसांनी आमच्या मृदंगवाल्या बुवांची नात आली. बुवा आता नाहीत. त्यांच्या थापेवर मी तीस वर्षे कीर्तन केले. मुलगी नाशकात परिचारिकेचे शिकली, दोन वर्षे तिथेच नोकरी केली आणि सध्या जर्मन भाषा शिकते आहे.

वाचक माउलींनी इथे एक ध्यानात घ्यावे. आमची वांगणी म्हणजे कर्जत लोकलच्या वाटेवरचे स्टेशन नव्हे. जव्हार तालुक्यातली, वावर-वांगणी या जोडनावाने १९९२ साली सगळ्या वर्तमानपत्रांत आली, ती. कशासाठी आली ते पुढे सांगतो. इथली पोर जर्मनीला जाण्याची भाषा करते, हेच मला आधी नवल वाटले.

ती म्हणाली, "बाबा, आपल्या सरकारने तिकडच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केलाय. परिचारिका, वीजतंत्री, सुतार, नळकाम करणारे, ड्रायव्हर, सगळे हवेत त्यांना. पहिल्या टप्प्यात दहा हजार. भाषा शिकवतात, मग नेतात." हा करार फेब्रुवारी २०२४ मधला. मी म्हटले, चांगले आहे, जा. तर ती गप्प बसली. मग म्हणाली, "आमच्या वर्गात बाई सांगत होत्या की तिकडच्या इस्पितळांत सीरियातून पळून आलेले डॉक्टर खूप आहेत. घर पडलं, माणसं गेली, जीव घेऊन आले. त्यांच्यातला जो डॉक्टर, त्याला सगळे या या म्हणतात. ज्याच्या हाताला काही येत नाही, तो ओझं. बाबा, ही दया आहे की बाजार? आणि मीही त्याच बाजारात उभी आहे का?"

तिला तिथल्या तिथे उत्तर देता आले नाही. चार प्रमाणे तोंडावर फेकून श्रोत्याला गप्प करण्याची विद्या आम्हा कीर्तनकारांना येते. पण बुवांच्या नातीशी तसे करवेना.

विषय मोठा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या मोजणीप्रमाणे २०२४ अखेर जगात युद्ध आणि छळ यांमुळे घर सोडावे लागलेली माणसे १२ कोटींहून अधिक होती. त्यांत स्वतःच्याच देशात इकडून तिकडे पळालेलीही आली. दुसरीकडे युरोपातले देश म्हातारे होत चालले आहेत, इस्पितळांत हात कमी, बांधकामावर हात कमी. मग सहज कोणाच्याही मनात येते की ज्यांना घर नाही आणि ज्यांना हात नाहीत त्यांची गाठ घालून द्यावी. कॅनडाने २०१८ साली असा उपक्रमच सुरू केला. निर्वासितांमधली कसबी माणसे निवडायची आणि नोकरीच्या वाटेने देशात घ्यायची. जर्मनीत २०१५ साली जवळजवळ नऊ लाख माणसे आश्रयाला आली, तेव्हा अर्धा देश स्वागत करत होता आणि अर्धा कुरकुरत होता. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये सीरियातली राजवट कोसळली. दुसऱ्याच दिवशी जर्मन सरकारने सीरियन लोकांच्या आश्रयाच्या अर्जांवरचे निर्णय थांबवले. परत जा, अशी बोलणी सुरू झाली. आणि त्याच आठवड्यात इस्पितळांचे लोक सांगू लागले की आमच्याकडे पाच हजारांच्या आसपास सीरियन डॉक्टर आहेत, ते गेले तर आमचे कसे होणार! माणूस तोच. एका दाराशी ओझे, दुसऱ्या दाराशी आधार.

मला इथे विभीषणाची शरणागती आठवली. हे आख्यान मी शेकडो वेळा लावले असेल, पण या बाजूने त्याच्याकडे कधी पाहिले नव्हते.

विभीषण चार सोबत्यांसह समुद्र ओलांडून आला आणि आकाशातच थांबला. खाली खलबत सुरू झाले. सुग्रीव म्हणाला, शत्रूचा भाऊ आहे, घात करील, मारून टाका. अंगद म्हणाला, गुणदोष पारखून घ्या. शरभ म्हणाला, हेर पाठवून चौकशी करा. जांबवानाला तो ज्या देशातून आणि ज्या वेळी आला त्याचाच संशय. आजच्या भाषेत सांगायचे तर एकाने सीमा बंद केली, एकाने परीक्षा ठेवली, एकाने पोलीस चौकशी लावली. मग हनुमंतराय बोलले. त्यांनी घ्यावे असेच सांगितले, पण कारण काय दिले पाहा: तुम्ही वालीला मारून सुग्रीवाला राज्य दिलेत हे त्याने ऐकले आहे, त्यालाही राज्य हवे आहे, म्हणून तो आला आहे; त्याला जवळ करणे शहाणपणाचे. म्हणजे त्याचाही लाभ, आपलाही लाभ. सौदा दोन्हीकडून बरोबर बसतो. आजचे जे चांगले, समंजस सरकार असते ते हनुमंताच्या जागी बोलते आहे असे समजा.

आणि प्रभू रामचंद्रांनी यांतले कोणतेच कारण उचलले नाही. निकाल हनुमंताच्या बाजूने दिला, पण त्याचे कारण बाजूला ठेवले. एकदा जो मी तुझा म्हणून आला त्याला अभय, त्याच्यात दोष असला तरी. आणि विभीषणच कशाला, रावण स्वतः आला असता तरी आत घ्या, असा त्यांचा अभिप्राय. रावण आला असता तर त्याचा काय उपयोग होता? काहीच नाही. युद्धच संपले असते. म्हणजे उपयोगाचा प्रश्न देवाने मुळातच काढून टाकला. पुढे विभीषणाचा उपयोग झाला, खूप झाला; लंकेची मर्मे त्याने सांगितली. पण तो उपयोग आश्रयाला आलेले फळ. आश्रयाची अट म्हणून तो कोणी मागितला नव्हता.

यावर पूर्वपक्ष असा येईल की महाराज, ही देवाची गोष्ट. राज्य चालवणाऱ्याला पोट असते, सगळ्यांना कसे घेणार? प्रश्न खरा आहे. म्हणून देवाची सोडून माणसांची एक गोष्ट सांगतो.

कोल्हापूरजवळ वळिवडे आहे. दुसऱ्या महायुद्धात रशियाने पोलंडमधली माणसे सैबेरियाकडे हाकलली होती. तिथून सुटून, इराणच्या वाटेने, त्यांच्यातले सुमारे पाच हजार लोक १९४३ पासून वळिवड्याच्या छावणीत राहिले, ते १९४८ पर्यंत. कोण होते ते? बहुतेक बायका, मुले, म्हातारी. कर्ते पुरुष सैन्यात. म्हणजे कामाला निवडायचे म्हटले असते तर कोणी निवडले नसते. त्यांच्या शाळा झाल्या, चर्च झाले, दवाखाना झाला. आज त्यांच्या राजधानीत, वॉर्सा शहरात, कोल्हापूरच्या नावाने स्मारक आहे. पोलिश गेले आणि त्याच छावणीत सिंधमधून उखडलेली माणसे आली. तिचे आज गांधीनगर झाले आहे. एकदा त्या भागात सप्ताहाला गेलो असता यजमानांनी मला धोतरजोडी घ्यायला तिथेच नेले. एवढी मोठी कापडाची घाऊक पेठ मी मुंबई सोडली तर पाहिली नव्हती. आमच्या कल्याणच्या लष्करी छावणीचेही तेच, १९४९ साली तिचे उल्हासनगर झाले. आत घेताना कोणी विचारले नव्हते की तुला व्यापार येतो काय, तुला शिवण येते काय.

कसब घेऊन आलेलेही होते, नाही असे नाही. १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तरेकडचे मोमीन विणकर आग्रा रस्त्याने खाली उतरले, ते मालेगाव आणि भिवंडीत स्थिरावले. त्यांचे हातमाग म्हणजेच पुढचे यंत्रमाग. आज भिवंडीचे नाव घेतले की कापड डोळ्यांपुढे येते. तेव्हा पळून आलेल्याच्या हाताला काम देणे वाईट, असे मी कधीच म्हणणार नाही. छावणीत दहा वर्षे दुसऱ्याच्या पंगतीत ताट घेऊन बसण्यापेक्षा स्वतःच्या घामाची भाकर केव्हाही बरी. आपले संत सगळे कामाचे. गोरोबा चिखल तुडवीत होते, सावतोबा मळा राखीत होते, सेना महाराज हजामत करीत होते. भीक मागणारा संप्रदाय नाही हा.

पण "माणूस मिळत नाही" या शब्दांबद्दल मला थोडा संशय आहे, आणि तो इथल्याच मातीतून आलेला आहे. जव्हार-मोखाड्यात पाऊस धो धो पडतो आणि मार्चपासून बाया पाण्यासाठी डोंगर उतरतात. नाचणी, वरई खळ्यावरून घरात आली की काम संपते. दिवाळी झाली की पाडेच्या पाडे भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. आधी उचल घ्यायची, मग ती फेडायला सहा महिने नवरा, बायको, पोरे मातीत. आणि भट्टीवाल्याला विचारा, तो सांगेल, माणूस मिळत नाही! मिळत नाही म्हणजे त्याने ठरवलेल्या पैशात मिळत नाही. परदेशातले मालक याहून निराळे असतील असे कशावरून मानावे? घरदार गेलेला माणूस भाव करीत नाही, हे जगातल्या प्रत्येक मालकाला ठाऊक असते.

आता माझे पाप सांगतो. १९९२ च्या आधीची गोष्ट. एका वीटभट्टीवाल्याने आमच्या सप्ताहाला शेवटच्या दिवसाची पंगत दिली. नाव घेत नाही. काल्याच्या कीर्तनात मी त्याला कर्णाची उपमा दिली, नारळ दिला, टाळ्या वाजवायला लावल्या. मंडपात शेवटच्या ओळीत त्याच्याच भट्टीवर जाणारी माणसे उकिडवी बसली होती. मी त्यांना ओळखत होतो. त्यांच्यातल्या एकाची उचल तीन वर्षे फिटली नव्हती हेही मला माहीत होते. तरी कर्णच म्हणालो. पुढे ९२ साल आले. वावर-वांगणीत कुपोषणाने आणि आजाराने शंभरावर बालके गेली. मंत्री आले, गाड्या आल्या. मी तेव्हा बाहेरगावी सप्ताहात होतो, परत आलो तर त्या शेवटच्या ओळीतल्या दोन घरांत पाळणा रिकामा. भट्टीला त्यांचे हात हवे होते. पोर कोणाला हवे होते?

चोखोबारायांचे तसेच झाले. मंगळवेढ्याच्या कुसवाच्या कामाला त्यांना नेले, कारण भिंतीला हात हवे होते. भिंत कोसळली, माणसे गाडली गेली. काम थांबले असेल चार दिवस, पुन्हा दुसरे हात आले असतील. त्या ढिगाऱ्यात चोखोबा कोणते हे शोधायला नामदेवराय गेले, आणि ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या घेऊन पंढरीला आले, अशी आपली परंपरा सांगते. मी पूर्वी या प्रसंगात नाममहिमाच सांगत असे. आता वाटते, कामाला नेणाऱ्याने फक्त हात मोजले आणि नामदेवरायांनी माणूस शोधला.

बुवांच्या नातीला मी दुसऱ्या खेपेला जे सांगितले ते असे. बाळ, दारे दोन आहेत. एक कामाचे. तिथे परीक्षा असू दे. इस्पितळात सुई टोचणाऱ्याला सुई टोचता आलीच पाहिजे, त्यात दया चालत नाही. दुसरे शरणागताचे. तिथे एकच गोष्ट विचारायची, तुझ्या पाठीमागे काय लागले आहे? कॅनडावाले कसबी माणसांना कामाच्या दाराने घेतात आणि शरणागतांचे दार आहे तेवढे ठेवतात, तोवर त्याला मी दोष देणार नाही. काही घरे जास्त वसतात. पण कामाच्या दाराने हजार घेतले म्हणून दुसरे दार कोणी लोटून घेतले, तर ते सुग्रीवाच्या मताला हनुमंताचा मुखवटा लावणे झाले. आपणही फार ताठ बसू नये. निर्वासितांसंबंधीचा १९५१ चा जागतिक करार आहे, त्यावर आपल्या देशाची सही नाही.

कागदांचेही एक सांगितले. तिची पदवी तिकडे मान्य व्हायला महिने जातात म्हणून ती वैतागली होती. पळून आलेल्या डॉक्टरचे तर कागद घराबरोबर जळालेले असतात. मी म्हटले, निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई ही चार पोरे शुद्धिपत्रासाठी आळंदीहून पैठणला चालत गेली होती. ज्यांच्यापुढे उद्या सगळा महाराष्ट्र माथा टेकणार, त्यांना आधी कागद आण म्हणून सांगितले. ती हसली.

मग तिने तो प्रश्न विचारला, ज्याची मला धास्ती होती. "मी गेले तर इथे कोण? आपल्या उपकेंद्रात बाई असते, नसते. ९२ साल पुन्हा नको म्हणून तर आजोबांनी मला हे शिकवलं."

यावर माझा सिद्धांत झालेला नाही, म्हणून लिहितो आहे. वांगणीची पोर जर्मनीच्या म्हाताऱ्यांची सेवा करील, त्यांची जागा सीरियाचा डॉक्टर भरील, आणि सीरियात जखमी झालेल्याला कोण बघेल? सगळीकडून एकेक पायरी वर सरकते आणि सगळ्यांत खालच्या पायरीवर कोणी उरत नाही. त्या पायरीवर आमचे पाडे आहेत. तिला थांब म्हणण्याचा अधिकार मला नाही. मी स्वतः बिदागी जास्त मिळते म्हणून इथले सप्ताह सोडून दूर जात होतो. जा म्हणायलाही जीभ उचलत नाही. नामदेवराय वीस-वीस वर्षे पंजाबात राहिले असे सांगतात, घुमानला त्यांचे स्थान आहे, आणि पंढरीला त्यांची पायरीही आहे. पण ते नामदेवराय.

तिची भाषेची परीक्षा चैत्रात आहे. परवा ती येऊन बुवांचा मृदंग घेऊन गेली. एका बाजूची शाई उडाली आहे, ती नाशकात भरून आणते म्हणाली. कोणी वाजवो न वाजवो, आषाढीच्या आधी तो परत वांगणीत आला पाहिजे, एवढे मी तिच्याकडून कबूल करून घेतले आहे.