कोटाचा लेयर

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नेवाशात एका फ्लेक्सच्या दुकानात एक हुशार पोरगा डिझाइन करायचा. वाढदिवसाचा बॅनर असो की लग्नपत्रिका, त्याचा हात माऊसवर भराभर चालायचा. एकदा एक शेतकरी आईला घेऊन आला. वडील वारले होते. गोदावरी आणि प्रवरा मिळतात त्या प्रवरासंगमला दशक्रिया होती, त्यासाठी १२ बाय १८ इंची फ्रेम हवी होती. फोटो एकच, बहिणीच्या लग्नातला, तोही घडी पडलेला.

पोरानं तो स्कॅन केला. एवढ्या प्रिंटला दर इंचाला ३०० पिक्सेल धरले तर उंचीला ५४०० लागतात. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो तिथं फाटतो. पेन टूलनं त्यानं माणूस गर्दीतून अलगद वेगळा केला. कपाळावरून भुवईपर्यंत आलेली घडीची रेघ हीलिंग ब्रशनं पुसली. रंग उजळला. टोपी-उपरणं काढून कोट-टाय चढवला. मागं निळं आभाळ, खाली श्रीलिपीत ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि ‘शोकाकुल’खाली २२ नावं. आपल्याकडे हे सर्रास करतात आणि मायेपोटीच करतात. जन्मभर रानात राबलेला बाप एकदा तरी साहेब दिसावा, असं लेकाला वाटतं.

शेतकरी मुलगा खूश झाला. छापण्याआधी त्यानं आईला बाकावरून उठवून स्क्रीनपाशी आणलं. ती बघतच राहिली.

“ह्यो कोण रं?”

“आई, आपलं तात्या.”

“तुझ्या तात्यांनी कधी कोट घातला व्हता का? आन् भुवईवरची खूण कुठं गेली? मोटेचा नाडा तुटून लागलं व्हतं त्यांना.”

घडीबरोबर व्रणही पुसला गेला होता. घडी कुठं संपते आणि व्रण कुठं सुरू होतो, हे पोराला कळणार कसं? ज्या माणसाला ठाऊक होतं ते इतका वेळ बाकावर बसून होतं आणि त्याला कुणी विचारलं नव्हतं.

पोराची एक सवय मात्र फार चांगली. फोटोशॉपमध्ये १९९४ साली लेयर आले, तेव्हापासून मूळ चित्राला धक्का न लावता वर काम करता येतं. तो प्रत्येक बदल वेगळ्या लेयरवर ठेवायचा. कोटाच्या लेयरसमोरचं डोळ्याचं चिन्ह बंद केलं, कोट गेला. उजळलेला रंग गेला. मग त्यानं खुर्ची ओढून म्हातारीला शेजारी बसवलं. ती स्क्रीनवर बोट ठेवून सांगत गेली, “ही घडी हाय, काढ. हे ऱ्हाऊ दे.”

टोपी परत आली तशी वर जागा पुरेना. फोटो लहान करायचा की मजकूर? मुलानंच नावं कमी केली. आई आणि भावंडं ठेवली, बाकी ‘समस्त परिवार’ एवढ्यात बसवली. स्वतःचं नाव त्यानं सगळ्यांत शेवटी टाकायला सांगितलं.

आता असं काम आलं की पोरगा आधी घरातल्या थोरल्या बाईमाणसाला विचारतो. टोपी की फेटा, गळ्यात माळ होती का, चेहऱ्यावर कुठं खूण. ते सगळं ऑर्डरच्या वहीत ॲडव्हान्सच्या रकमेच्याही वर लिहून घेतो, आणि मगच फोटो स्कॅनरवर ठेवतो.