विसर्जन आणि बेदखली

पश्चिम दिल्लीत शादीपूरच्या बस आगारालगत कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करणारे राजस्थानी भाट १९७० च्या सुमारास येऊन वसले, त्यांच्या आश्रयाने जादूगार, डोंबारी, ढोलवादक असे नाना कलावंत तेथे जमले, आणि त्या वस्तीस कठपुतली कॉलनी हे नाव पडले. सरकारी दप्तरात मात्र पिढ्यांच्या वहिवाटीनंतरही ती अतिक्रमणच राहिली. पूरन भाट यांच्यासारखा संगीत नाटक अकादमीने गौरविलेला कलावंतही त्या अतिक्रमणातलाच एक रहिवासी.

या भाटांमध्ये एक चाल आहे. आंब्याच्या लाकडातून कोरलेली बाहुली जीर्ण झाली, म्हणजे ते तिला उकिरड्यावर टाकीत नाहीत; प्रार्थना करून नदीत सोडतात, आणि ती जितका वेळ तरंगेल तितके शुभ मानतात. जिच्यावर पोट चालले तिला कृतज्ञतेने व स्वहस्ते निरोप देण्यात जे वैराग्य आहे, ते पुष्कळ प्रवचनांतून आढळत नाही.

आमच्या तत्त्वचिंतनाला बाहुलीचे वेड जुनेच. गीतेच्या अठराव्या अध्यायात ईश्वर भूतमात्रांस यंत्रारूढ असल्याप्रमाणे फिरवितो असे म्हटले आहे, आणि त्यावर भाष्य करताना शंकराचार्यांनी लाकडी पुरुषाकृतींचाच दाखला दिला आहे. अहंकार गळावा यासाठी हा दृष्टांत उत्तम. पण ज्याचे छप्पर उतरविले जात आहे त्याला ‘देहही आपला नव्हे, मग झोपडीचा मोह कशाला’ असे सांगण्यासाठी तो वापरला जाऊ लागला, म्हणजे अध्यात्म मामलेदार कचेरीच्या चाकरीस लागले असे समजावे. अपरिग्रह हे व्रत आहे, आणि व्रत घेणाऱ्याच्या हाती ठेवणे व सोडणे ही दोन्ही असावी लागतात. हिरावून घेतलेल्या वस्तूचा त्याग कोणालाच करता येत नाही.

दारी आलेल्या वासुदेवाच्या झोळीत धान्य घालणे हा धर्म मानणाऱ्या या महाराष्ट्रातच, तेव्हाच्या मुंबई राज्यात, १९५९ साली भिक्षाप्रतिबंधक कायदा झाला, आणि सार्वजनिक जागी गाऊन, नाचून वा खेळ करून दान मागणे हीही त्याने भीकच ठरविली. पुढे तो दिल्लीसही लागू झाला. तेथील उच्च न्यायालयाने त्याची बरीचशी कलमे घटनाबाह्य ठरविली ती २०१८ साली. तोवर वस्ती उठली होती. दिल्ली विकास प्राधिकरणाने २००९ साली एका खाजगी विकासकाशी पुनर्वसनाचा करार केला होता, आणि ३० ऑक्टोबर २०१७ रोजी पोलीस बंदोबस्तात पाडापाडी सुरू झाली. बदल्यात बहुमजली इमारतींत पक्की घरे मिळावयाची होती, आणि ती कित्येकांना हवीही होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु पुरुषभर उंचीच्या बाहुल्या, ढोल व लांबलचक बांबू तेवढ्याशा खोल्यांत कोठे ठेवावे, आणि तालीम कोणत्या अंगणात करावी, हे तेथील कलावंत पाडापाडीपूर्वी कित्येक वर्षे विचारीत होते.